दोन पेडलांची गाडी

४ फेब्रुवारी, मंगळवार

मी, या वहीचा मालक, वय छप्पन, वाणिज्य शाखेचा पदवीधर, एका विमा कंपनीत वाहन-अपघात दाव्यांच्या विभागाचा प्रमुख, विवाहित, एक मुलगी – पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाविना हे लिहीत आहे. हेतू एकच: उजव्या पायाचे जे होईल ते होईल तसे नोंदवणे. दुसरे कोणी वाचणार नाही, तेव्हा खोटे लिहिण्याचे कारण नाही.

वस्तुस्थिती: उजव्या पावलाला बोटांपासून टाचेपर्यंत काहीही कळत नाही. मधुमेह अकरा वर्षांचा, बधिरपणा साधारण पाच महिन्यांचा. दुखत नाही. मुंग्याही येत नाहीत – आल्या तर बरे वाटेल!

आज एक चप्पल मागेच राहिली आहे, हे जिना उतरल्यावर खाली पाहिले तेव्हा समजले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मुलीच्या वयाच्या. "टोचलं की हो म्हणा." टोचताना त्यांचा खांदा किंचित पुढे येतो, हे दुसऱ्याच खेपेला लक्षात आले. पुढची सगळी उत्तरे बरोबर! मग त्या म्हणाल्या, "काका, आता डोळे मिटून."

दहापैकी दोन.

"गाडी चालवता?"

"क्वचित." – रोज चालवतो. जाताना एकवीस किलोमीटर, येताना एकवीस.

"आता नका चालवू. पुढच्या तपासणीपर्यंत तरी नाहीच. घरी सांगितलंय ना?"

मी मान डोलावली. नुसती मान हलवणे हे उत्तर धरले जात नाही, असे मी समोर बसलेल्या दावेदारांना नेहमी सुनावतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

गाडी चालवली. जमते. पाय सांगत नाही ते इंजिन सांगते. ही दोन दारांची बुटकी स्पोर्ट्स गाडी एकोणीस वर्षांची आहे, एकशे चाळीस अश्वशक्तीची, आणि तिला गुपचूप चालणे ठाऊक नाही. आवाज कितवर चढला त्यावरून किती दाबले ते कळते. ब्रेक मांडीला कळतो. म्हणजे मी गाडी कानाने आणि मांडीने चालवतो. पाच महिन्यांत एक ओरखडा नाही.

संध्याकाळी गॅरेजमध्ये. एकोणीस वर्षे हिची देखभाल करणारा मेकॅनिक – त्याला सगळे वस्ताद म्हणतात – चाक काढून बघतच राहिला. "साहेब, वर्षात दुसऱ्यांदा ब्रेक पॅड? शर्यती लावता की काय कुठे? अहो, तुम्ही ब्रेकवर पाय असा ठेवायचात, जसा झोपलेल्या पोराच्या पाठीवर हात!"

मी म्हटले, वाहतूक वाढली आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

निर्णय घेतला. जुनी काढून नवी घेणार. चारशे दहा अश्वशक्ती. क्लच नाही. तीन पेडलांऐवजी दोन – पायांचे काम एक तृतीयांशाने कमी, चुकीची शक्यताही तेवढ्याच प्रमाणात कमी. दुसरे कारण फक्त इथे लिहितो. चारशे दहा अश्वशक्तीची गाडी घेणाऱ्या माणसाला कोणी आजारी समजत नाही.

बायकोला सांगितले. ही भाजी निवडत होती. "जुनीला काय धाड भरलीय? शिंगं मोडून वासरांत शिरायचं ठरवलंय वाटतं!" लगेच मुलीला फोन लावून दिला. मुलगी म्हणाली, "बाबा, केसही काळे करणार का?" दोघी खूप हसल्या. मीही हसलो. हसताना चेहऱ्याचे काय होते ते मला ठाऊक आहे, तसे केले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शोरूम. विक्रेता शेजारी बसला. "सर, आवाजच नाही! ग्रंथालयात बसल्यासारखं वाटेल." खरोखरच नव्हता. मी पन्नासच्या अंदाजाने चाललो होतो. काटा ब्याण्णववर होता.

"सर, पाय जड आहे हो आपला!" – तो टाळी देण्यासाठी हात पुढे करून हसला.

नोंदणी करून आलो.

१ मार्च, शनिवार

विम्याचा अर्ज भरला. रकाना चौदा: वाहन चालवण्यास बाधा आणणारा कोणताही शारीरिक दोष आहे काय? "नाही" लिहिले. अक्षर नेहमीसारखेच आले. जरा तरी वाकडे यायला हरकत नव्हती.

याच रकान्यावर मी किती दावे फेटाळले! त्यांतला एक आठवतो. भाड्याची गाडी चालवणारा, एका डोळ्याने दिसत नव्हते, आणि ते लपवले होते. माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, खरं लिहिलं असतं तर घर कसं चाललं असतं?" मी म्हणालो, तो प्रश्न अर्जात नाही.

मला तर घराचीही अडचण नाही. बसने जाता येते. बस दारावरून जाते.

८ मार्च, शनिवार

जुनी गाडी वस्तादच घेऊन गेला. कोपऱ्यावर वळेपर्यंत आवाज येत होता. डोळे भरतील असे धरून चाललो होतो, रुमालही घेतला होता. काही झाले नाही.

९ मार्च, रविवार

नवी आली. काळी. शेजारी बघायला उतरले. मी माहिती दिली.

१२ मार्च, बुधवार

तीन दिवस ऑफिसला नेली. नजर एकसारखी काट्यावर ठेवावी लागते. मग रस्ता कोण पाहणार!

१६ मार्च, रविवार

जसे घडले तसे लिहितो.

सकाळी साडेदहा. ही आणि मी बाहेरून आलो. इमारतीखालच्या तळघरातली आमची जागा अरुंद, पुढे भिंत. नवी गाडी जुनीपेक्षा वीतभर रुंद, म्हणून ही उतरली आणि भिंतीकडे पाठ करून, हाताने बोलावत माझ्यासमोर उभी राहिली. "या... या... अजून या... बस!"

मी ब्रेक दाबला.

गाडीने पुढे उडी घेतली.

आणि जागच्या जागी थांबली. पट्टा छातीत रुतला. समोरच्या पडद्यावर लाल त्रिकोण उजळला. ही तिथेच होती. हिचे गुडघे आणि गाडी यांच्यामध्ये तळहात आडवा राहील एवढी जागा. तिथे हात घालून हिने ते अंतर खरेच मोजले! म्हणाली, "अहो, जीवच गेला होता माझा. पण काय थांबवलीत! चार बोटं, मोजून चार. तुमचं कधी म्हणून चुकायचं नाही."

मी वाकून खाली पाहिले. बूट उजवीकडच्या पेडलवर होता. ब्रेक डावीकडे आहे.

लिफ्टमध्ये भेटलेल्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनाही हिने चार बोटे दाखवली.

१७ मार्च, सोमवार

रजा घेतली. गाडीची माहितीपुस्तिका वाचली. पान दोनशे बारा: समोर अडथळा असताना चुकून ॲक्सिलरेटर दाबला गेल्यास गाडी स्वतः ब्रेक लावते. खाली बारीक अक्षरांत – प्रत्येक वेळी लावेलच याची हमी नाही.

जुनी गाडी असती तर? जुन्या गाडीत ही सोय नव्हती.

आणखी एक. तीन पेडलांतून एक कमी झाले, असा हिशेब मी पंधरा फेब्रुवारीला मांडला होता. जे पेडल गेले ते क्लचचे, म्हणजे डाव्या पायाचे. डावा पाय धडधाकट आहे! उजव्याकडे आधीही दोन होती, आताही दोनच आहेत. शाळकरी पोरानेही ही चूक केली नसती. मी ती केली आणि तिच्याखाली रेघ ओढली.

१९ मार्च, बुधवार

बसने गेलो. हिला सांगितले, गाडीत काहीतरी बसवायचे आहे, कंपनीचा माणूस येणार आहे. "नव्या गाडीला लगेच डॉक्टर?" म्हणून ही हसली. मग फोनवर मुलीला पुन्हा सगळे सांगितले – भिंत, उडी, चार बोटे. "तुझ्या बाबांच्या जागी दुसरा कोणी असता ना, तर आज मी नसते."

मी शेजारच्या खोलीत होतो. जेवण नीट झाले. झोपही लागली. ते मला बरे लक्षण वाटत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी ही पर्स घेऊन तयार होती. "चला, मला बाजारात सोडा. आपल्या गाडीनं."

मी म्हणालो, "रविवारी ब्रेक मी लावला नव्हता. गाडीने लावला. मी तुझ्याकडे बघत दुसरे पेडल दाबत होतो आणि मला ते कळत नव्हते. पाच-सहा महिने पायाला काहीच कळत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितल्यानंतर मी ही गाडी घेतली."

पर्स खांद्यावर तशीच ठेवून ही खुर्चीत बसली. 

"तिथे मी उभी होते," ही म्हणाली.

"हो."

किल्ली टेबलावर आमच्या दोघांच्या मध्ये आहे. अजून कोणी उचललेली नाही. हिच्यासमोर बसूनच हे लिहिले आहे आणि लिहून झाल्यावर वही हिच्या हातात देणार आहे.

(सही)
स्थळ: स्वयंपाकघर
२१ मार्च