लाल दोऱ्याच्या गाठी

प्रिय भिंगरे,

सगळ्यांत आधी आला तो नकाशेवाला, आणि तोही मागच्या दाराने, कारण पुढच्या दारात मी जाळं पसरून बसले होते. ताडमाड माणूस, काखेत लांब गुंडाळी, चपला हातात. मला वाटलं, छत्र्या दुरुस्त करणारा. मी आपल्या दोन्ही मोडक्या छत्र्या त्याच्यासमोर ठेवल्यासुद्धा. त्याने एक उघडून पाहिली आणि म्हणाला, आजी, हिची काडी गेलीय, पण मी समुद्राच्या कामाला आलोय. तोवर त्याच्यामागून एक बाई आली, केस बारीक कापलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. ती पाण्यात यंत्र सोडून समुद्राचे आवाज ऐकते. शिकलेली आहे फार, पण चहा बशीत ओतून प्यायली. मी तिचं नाव कानवाली ठेवलंय, आणि तिनेही ते चालवून घेतलं.

फोनवर हे सगळं सांगायला बसले असते तर तू मध्येच, आजी, मुद्द्याचं बोल, म्हणाली असतीस. म्हणून पत्र. इंजिन शिकायला गेलीस तशी माणसाला ऐकून घ्यायची सवय लागली असेल अशी आशा आहे.

तर ही दोघं कशाला आली, तर देवमासे, डॉल्फिन आणि आपले बुटके, कानवालीच्या भाषेत डॉल्फिनचे ते पाठीवर पर नसलेले छोटे भाऊबंद, यांच्यासाठी समुद्राचा एक तुकडा राखायचा आहे. तिथे जाळी टाकायची नाहीत आणि बोटींनी सावकाश जायचं. वखारवालीने तुझ्या बोटीच्या बर्फाचे राहिलेले पैसे मागायच्या निमित्ताने येऊन मला बजावलं होतं, तोंड उघडू नकोस, समुद्र काढून घेतील. मीही ओठ शिवून बसायचं ठरवलं होतं. नकाशेवाल्याने नकाशा पसरला तेव्हा पाहिलं, त्यांची रेघ बाहेरच्या बाहेरच जात होती. आपली खाडी, तिच्या तोंडाचा आपला खोल खळगा त्यात नव्हताच. बुटके आत येतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण कानवालीचं लक्ष जाळ्याकडे. म्हणाली, आजी, ही लाल गाठींची नक्षी छान काढलीय. नक्षी म्हणे. मला इतकं हसू आलं की पोटात दुखलं, आणि हसता हसता सांगून बसले. मासा फाडतो तिथे पांढरा दोरा, बुटका अडकून फाटतं तिथे लाल, ही तुझ्या आजोबांची शिस्त. जाळ्याचं एक टोक कायम काळ्या खडकाला, दुसरं पाण्यात रोवलेल्या खांबाला, म्हणजे जाळ्यावरची जागा तीच समुद्रातली जागा. माळ्यावरची जुनी जाळीही तिने खाली काढायला लावली. जिन्यापासून ओट्यापर्यंत घरभर जाळी, चूल पेटवायला जागा नाही. सगळ्यांत लाल मधोमध, खळग्याच्या वर. मग ज्या वर्षी एक बुटकी आई जाळ्यात मेलेली वर आली आणि पिल्लू दिवसभर होडीभोवती फिरत राहिलं, त्यानंतर आजोबांनी मधलं आठ वाव, म्हणजे आठ माणसांनी हात पसरावेत एवढं, जाळं कापून दारच ठेवलं. लोक त्यांना फाटक्या जाळ्याचा म्हणायचे, ते खांदे उडवायचे. दार होतं त्या पंचवीस वर्षांत लाल गाठ एकही नाही. कानवाली गुडघ्यांवर रांगत एकेक गाठ बोटाने मोजत होती आणि नकाशेवाला तिच्यामागून वहीत लिहीत होता. मी म्हातारी, माझी शिवण कुणी इतकी वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वखारवालीच्या जावयाच्या होडीतून खळग्यावर नेलं. कानवालीने पाण्यात हातभर नळी सोडली आणि माझ्या कानांवर दोन वाट्या चढवल्या. म्हणाली, बुटक्यांचा आवाज इतका बारीक की माणसाला ऐकूच येत नाही, यंत्र तो खाली उतरवून देतं. आधी नुसती खरखर. मग भिंगरे, कुणी तरी कोरडे वाटाणे परातीत ओतावेत तसा आवाज, एकदम जवळ, मग दूर, मग चहूबाजूंनी. अगं, ते बोलतात. पन्नास वर्षं मी त्यांच्या डोक्यावरून गेले आणि खाली एवढा संसार चालू होता. त्या सगळ्याच्याही मागे एक लांबलचक हुंकार आला, होडीची फळी छातीतून सरकावी तसा. तो देवमासा म्हणे, आणि आपल्यापासून दिवसभराच्या वाटेवर आहे. मी हात जोडले. मग पाणी फुटलं आणि करडी पाठ वर आली, तिच्या कुशीला चिकटून कडेवरच्या पोराएवढं पिल्लू. पुरतं श्वास घ्यायलाही शिकलेलं नव्हतं, धडपडत वर यायचं. ज्याचं तोंड एरवी झोपेतच बंद असतं त्या जावयानेही डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

आता मुद्द्याचं. आजोबांच्या मागे तू बोट हातात घेतलीस तेव्हा ते दार शिवून टाक म्हणालीस, आणि शिवलं मीच. मासे जास्त आले, ते खरं. गेल्या दोन वर्षांतल्या जाळ्यात मधोमध लाल गाठी किती, ते तू मला कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. अकरा. कानवालीने त्या मोजल्या तेव्हा मी भिंतीकडे बघत होते. तुला बोल लावत नाही, सुई माझ्या हातात होती. त्यांना आता रेघ आत वळवून खळगा धरायचा आहे. तसं झालं तर आपलं जाळं काळ्या खडकावरून कायमचं उतरेल आणि तुला लांब, उघड्या समुद्रात जावं लागेल. बोट तुझ्या नावावर, खडकाचा हक्क तुझा, म्हणून सही तुझीच लागते. त्यांनी माझी सही मागितली नाही, मागितली असती तरी दिली नसती. सोबत कागद पाठवतेय. मला काय वाटतं ते तू ओळखलंच असशील, पण पोट तुझं, उरलेलं आयुष्य तुझं. नाही म्हणालीस तरी तुझं जाळं मीच सांधेन, फक्त ते दार पुन्हा कापून देईन, एवढं ऐक. हो म्हणणार असशील तर सही करून कागद लगेच टाक. ती दोघं बुधवारी सकाळी, भरती यायच्या आधी, पुन्हा येतो म्हणालीत.

तुझीच वाट बघणारी,
आजी