बेवारस नसलेल्या गाडीविषयी

प्रिय मेहुणे यांस,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता कितपत वाकतो, ते सविस्तर कळवावे. मी केवळ रीत म्हणून विचारीत नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. स्वयंपाक जमू लागला आहे (खाणे अजून जमत नाही).

गेल्या मंगळवारी तुमच्या ताईची गाडी घरासमोरून उचलून नेण्यात आली. मी खिडकीशी दाढी करीत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून जिना उतरलो, तोवर क्रेन कोपऱ्यावरून वळलीही होती. जप्त गाड्यांच्या आवारात पोहोचलो, तर कारकुनाने एक कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिले होते : 'बेवारस वाहन'. दंडाविषयी माझी तक्रार नाही. या शब्दाविषयी आहे. तेथेच उभ्याने सात पानी हरकत लिहून दिली (दुसरे पान कोणी उलटले नाही). गाडी आठ महिने जागची हलली नाही, हे मी मान्य केले. परंतु ती तुमच्या ताईने स्वतः लावली होती, आणि एकतीस वर्षांत तिने एकदाही गाडी चुकीची लावली नाही. दोन ट्रकांच्या मध्ये, चढावर, एका दमात गाडी बसवणारी दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही. मी शेजारी बसून नकाशा धरीत असे. हे सारे मी मान ताठ ठेवून सांगितले.

"ते असू द्या हो, आजोबा. गाडी नावावर कुणाच्या आहे?"

"माझ्या पत्नीच्या."

"मग त्यांनाच पाठवा की! तुम्ही कशाला उन्हात हेलपाटे घालता?"

"त्या कामात आहेत," मी म्हणालो. सरकारी कार्यालयात मी उच्चारलेले हे पहिले असत्य. मृत्यूचा दाखला खिशातच होता, तीन साक्षांकित प्रतींसह. तो बाहेर काढला नाही.

हरकतीचा निकाल माझ्याच बाजूने लागेल, याविषयी मला शंका नाही.

तुमचे,
भाऊजी

ता. क. : मला गाडी चालवता येत नाही, हे तुम्हांस ठाऊक आहे, कारकुनास नाही. शनिवारी यावे. दाखला तुम्हीच दाखवावा. मी दाराबाहेर थांबेन.

ता. क. २ : मागचे चाक पिवळ्या पट्ट्यावर वीतभर होते. मी मोजले आहे. हरकतीत याचा उल्लेख नाही. गाडी परत लावताना ती वीत तशीच ठेवावी.

ता. क. ३ : चालकाची सीट तिच्या उंचीप्रमाणे पुढे ओढलेली आहे. ती मागे सरकवू नये. गुडघ्याचे म्हणूनच विचारले.