निवांत कपाळ

३ नोव्हेंबर, यवतमाळ

आज सामान लागलं. वरच्या मजल्यावरची उजेडाची खोली अर्पिताने मला दिली आहे. खाली तिचा त्वचेचा दवाखाना. माझी बहीण गेली तेव्हा ही भाची जेमतेम आठ वर्षांची होती. मीच वाढवली, नागपुरात माझ्याच कॉन्व्हेंटात घातली, प्रसंगी कानही पिळले. आता डॉक्टर होऊन मलाच दटावते, की मावशी, आता तू माझ्याकडेच राहायचं. निवृत्त मास्तरणीला आणखी काय हवं?

स्वयंपाकाच्या इंदूबाईंनी शिरा केला होता. मला दुधाची जबर अ‍ॅलर्जी. लहानपणी पेढ्याच्या तुकड्याने घसा बंद होऊन मरता मरता वाचले. शिरा तेलातला आहे, असं अर्पिताने शपथेवर सांगितलं. दोन वाट्या खाल्ल्या. अप्रतिम.

९ नोव्हेंबर

दवाखान्यात पुढच्या टेबलापाशी बसते आणि येणाऱ्या प्रत्येकीला अ‍ॅलर्जी विचारते. माझ्यापुढे कोणी खोटं बोलणार नाही, असं अर्पिताचं मत. बरोबर आहे. जवळच्या जिनिंगच्या कारखान्यातून कापसाची धूळ येते म्हणून दिवसभर मास्क लावते.

सुरकुत्यांच्या इंजेक्शनचं तिने नीट समजावलं. एका प्रकारात गाईच्या दुधाच्या प्रथिनाचा अंश असतो. ते माझ्यासारखीला चालत नाही. तिच्याकडच्या लाल पेटीतल्या औषधात तो नाही, आणि दुसरं ती ठेवतच नाही. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. मग मी कपाळ पुढे केलं. भुवयांमधल्या तीन उभ्या आठ्यांना शाळेतल्या मुली 'एकशे अकरा' म्हणायच्या. बघू जातात का.

१७ नोव्हेंबर

गेल्या! अर्पिताने माझा फोटो भिंतीवर लावला. एक गंमत मात्र आहे. काल नळ गळका ठेवून पळणाऱ्या प्लंबरला मी चांगलं फैलावर घेतलं, तर तो हसत उभा. आरशात पाहिलं. आत मी पेटलेली, आणि समोर दुपारची झोप काढून उठलेली कोणी बाई.

२१ नोव्हेंबर

कळंबच्या मथुराबाई आल्या. अ‍ॅलर्जी विचारली तर म्हणाल्या, "मले अलर्जी-गिलर्जी काई नाई बाप्पा." मग चहा मागवला तर म्हणतात बिनदुधाचा सांगा, दूध बाधते, ओठ फुगतात. मी कपाळाला हात लावला. अहो, हीच की अ‍ॅलर्जी! तर उलट मलाच, "बाई, अलर्जी गोळ्या-औषधाची राह्यते, दूध तं बाधते!"

तेव्हापासून मी विचारते, काय बाधतं? उत्तरं बदलली. चार बायका घाबरून इंजेक्शन न घेताच परत गेल्या. अर्पिता हिरमुसली, पण मथुराबाईंना दूध बाधतं हे तिला मी बजावून सांगितलं आहे. त्यांना लाल पेटीतलंच दिलं. काही झालं नाही.

२ डिसेंबर

फ्रिजमध्ये लालच्या जागी निळ्या पेट्या, आत निळ्या झाकणांच्या कुप्या. विचारलं तर म्हणाली, औषध तेच, कंपनीने रंग बदलला. मी मान डोलावली. या मुलीला खोटं बोलायला मी शिकवलेलं नाही.

८ डिसेंबर

मथुराबाई उरलेल्या सुरकुत्यांसाठी आल्या होत्या. सुई निघते न निघते तोच अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वासाला शिट्टी. अर्पिताने अ‍ॅड्रिनलिन टोचलं म्हणून वाचल्या. आता सरकारी दवाखान्यात आहेत.

निळी पेटी. अर्पिता सगळ्यांना सांगते आहे, त्यांना कालच्या लग्नातलं जेवण बाधलं.

९ डिसेंबर

इंदूबाई भांडी घासता घासता बोलून गेल्या, "त्या शिऱ्यात तूपच होतं बाई. डॉक्टरीणबाई म्हणे टाक, पाहू काय होते ते."

अर्पिताला जाब विचारला. लाजली नाही. म्हणाली, काय झालं तुला? काहीच नाही. मावशी, तुझी अ‍ॅलर्जी म्हणजे कॉन्व्हेंटचे नखरे, आई पण हेच म्हणायची. तुपात ते प्रथिन जवळजवळ उरतच नाही, हे डॉक्टरला मी सांगायचं! मी ओरडले. ती म्हणाली, बघ, किती शांत दिसतेस.

उद्या नागपूरची बस.

१० डिसेंबर, सकाळ

बस राहिली. मथुराबाईंचा मुलगा घनश्याम चार माणसं घेऊन खाली बसला आहे. म्हणतो, "औषध चांगलं आहे तं तुमच्या मावशीले टोचून दाखवा." अर्पिता माझ्या पायाशी बसून रडली. एक लाल पेटी उरली आहे, ती तुझ्यादेखत उघडते, म्हणाली, एवढी लाज राख, मग खुशाल जा.

लहानपणी ताप आला की अशीच पायाशी बसायची.

हो म्हटलं.

दुपार

झालं. मास्क तिनेच पुन्हा लावून दिला, वही हातात दिली, म्हणाली, यांच्यासमोर बस, नेहमीसारखी लिहीत.

ट्रेमध्ये रिकामी कुपी. लाल पेटीतूनच काढली होती. पण झाकण — निळं.

जीभ खाजते आहे. तळवेही.

हाक मारली. आवाज फुटत नाही, नुसती घरघर. घनश्याम इकडेच बघतो आहे. त्याला मास्कच्या वरचं कपाळ तेवढं दिसतं. शेजाऱ्याला म्हणाला, "पाह्य ना, कशी निवांत लिवून राह्यली."

अ‍ॅड्रिनलिन तिथेच आहे, ट्रेमध्ये. अर्पिताचा हात तिकडे गेला — यांच्याकडे पाहिलं — हात मागे. उचललं तर कबूल केल्यासारखं —

मास्क ओढते. बोटं सुजली, दोरी सापडत —

मोठ्या अक्षरांत लिहिते, त्यांना दाखवते.

मला दूध बाधतं

अर्पिता उठली. हसते आहे. म्हणते, दमली मावशी, आण ती वही इकडे. धरली आहे तिने — मी सोडत ना