देडतलाईच्या बाईची प्रार्थना

पप्पा, तुमच्यावर रागवायचं ठरवून झोपलं की तुम्ही स्वप्नात येऊन हालेलुया म्हणता, म्हणून आज दिवसाढवळ्या लिहायला बसले आहे. मी सेमिनरीत शिकवते, आणि तेही नेमकं तुमच्याच पंथाचं देवशास्त्र: आत्म्याचा बाप्तिस्मा, अन्य भाषा, आरोग्यदान. ऑनलाइन वर्गात घाना, ब्राझील, कोरिया इथले विद्यार्थी असतात आणि प्रत्येकाच्या घरी एकेक तुम्ही होऊन गेलेले. स्कूटर सुरू झाली नाही तर सैतान, झाली तर पवित्र आत्मा. मध्ये कार्ब्युरेटर नावाची वस्तू देवाने जणू निर्माणच केली नव्हती. तुम्ही एकटेच असे असता तर सोडून दिलं असतं, पण तुम्ही जगभर आहात.

लोधीपुऱ्यातलं आपलं घर, शुक्रवारची उपास-प्रार्थना. पुढच्या खोलीत चटया, आणि आत आई उपास सोडायच्या भाकरी थापते आहे. आत्म्याने भरलेला माणूस न शिकलेल्या ज्या अन्य भाषांत बोलतो, त्यांचा अर्थ सांगण्याचं दान तुम्हाला मिळालंय हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं, तुम्हाला तर जरा जास्तच. त्या दिवशी देडतलाईहून एक बाई पहिल्यांदाच आलेली. ती गुडघे टेकते आणि रडत रडत भराभर काहीतरी बोलू लागते. कुणालाच काही कळत नाही. तुम्ही डोळे मिटून हात वर करता. "प्रभू म्हणतो, मी तुझी कोठारं भरीन!" खोलीभर हालेलुया. तेवढ्यात आई पिठाच्या हातांनी दारात येते. तुम्ही जळगावकडचे, पण तिचं माहेरच कोरकू आदिवासींच्या देडतलाईचं. "अहो, ती कोरकूत बोलून राहिली. पोरगी दवाखान्यात हाये तिची. कोठार काय भरता?"

एवढं ऐकून तरी थांबायचं! पेंटेकॉस्टच्या दिवशी शिष्यांवर आत्मा उतरला तेव्हा प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं, हे तुमच्याच बायबलात लिहिलेलं. आणि इथे शेजारच्या गावची बाई स्वतःच्या भाषेत रडली, तर तुम्हाला ती स्वर्गाची भाषा वाटली. वर सगळ्यांसमोर आईला म्हणालात, "आत्म्याला विझवू नको. तू तुझा तवा बघ." आईने तवा उतरवला, त्या बाईचा हात धरला आणि तिच्याबरोबर दवाखान्यात गेली. मुलगी बरी झाली, तर ती तुमच्या प्रार्थनेने, अशी साक्षही तुम्ही मंडळीत दिलीत. त्यानंतर आईने बैठकीत तोंड उघडलं नाही, तुम्ही गेल्यावरही नाही. याचा मला संताप येतो, पप्पा, अजूनही येतो.

गेल्या रविवारी तुमची स्मरणसभा होती. आता ड्रम आलेत, मोठे स्पीकर आलेत, पास्टरही नवा आणि तरुण आहे. त्याने देडतलाईच्या बाईची गोष्ट तुमचा चमत्कार म्हणून रंगवून सांगितली आणि माइक आईपुढे धरला. "आंटी, दो शब्द बोला ना." मला वाटलं, आता तरी ही खरं सांगेल. आई उठली, डोळे मिटले आणि कोरकूत एकच ओळ दोनदा म्हणाली. पास्टरचा हात लगेच वर. "प्रभू म्हणतो, मी या नगराला आशीर्वाद देईन!" आता कपाळावर हात मारून घ्यायचा नाही तर काय करायचं?

परतताना रिक्षात आईला विचारलं, तू म्हणालीस तरी काय.

"काही नाही गं. त्या बाईचंच बोलणं. माझं कोणी ऐकून राहिलं का, असं म्हणे ती."

हे पत्र कुठे पाठवणार? आणि पोचलं असतं तरी तुम्ही त्याचाही भलताच अर्थ सांगितला असता. एक मात्र कबूल करते. पास्टरने हात वर केला तेव्हा त्याचा आवाज अगदी तुमच्यासारखा लागला, आणि सगळ्यांच्या आधी मीच आमेन म्हणाले. आईला अर्थ विचारला तो त्यानंतर.