छर्रा ज्याच्या दाताखाली

मी, वदीअ नख्ले शिदयाक, वय त्रेपन्न, धंदा काडतुसे भरण्याचा, राहणार ऐन ज़रूब, बेका खोरे, हे मृत्युपत्र स्वखुशीने करीत आहे. माझ्या रक्तात शिसे असल्याचा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला त्यांनी दिला नाही, तो मीच देतो. मनगट लुळे पडल्यामुळे मजकूर गावचे निवृत्त शिक्षक उस्ताद मिशाल लिहीत आहेत. तेही शिकारी, त्यामुळे कुरकुरत.

१. दुकान भाऊ फय्याद याला. शिसे वितळवण्याची कढई आणि छर्रे पाडायची चाळणी तळ्यात बुडवाव्यात, असे मी आधी सांगितले होते. उस्ताद मला, म्हणजे नुहादच्या बापाला, म्हणाले, "अरे अबू नुहाद, तळ्यातलं शिसं बदकंच गिळतील ना!" पुरल्या तर फय्याद उकरून काढील. सबब त्याही त्यालाच.

२. पोलादी छर्ऱ्यांच्या काडतुसांची बारा खोकी गावच्या शिकारी मंडळाला. पाच वर्षांत एकच खोके फुटले, तेही मीच फोडले. फय्यादचे मत: "दादा, पोलादानं पाखराची चवच जाते." शिशाची चव त्याला माहीत असणार.

३. घर मुलगी नुहाद हिला, एका अटीवर: शिशाने मारलेले पाखरू या चुलीवर चढू नये. आमच्याकडे चिमणीएवढी पाखरे हाडांसकट खातात. छर्रा ज्याच्या दाताखाली येईल त्याने तो गिळायचा, आणि पुढचे पाखरू त्याचे. हा नियम माझा. नुहाद नेहमी जिंकायची, आम्ही टाळ्या वाजवायचो. पुढे तिच्या आंत्रपुच्छाच्या ऑपरेशनमध्ये एकोणीस छर्रे निघाले. त्यानंतर तिची दोन मुले पोटातच गेली. आता सहावा महिना आहे. अट ऐकून ती म्हणाली, "बाबा, मग तुमच्या मयताच्या जेवणाला लोकांना काय मसूर वाढू?"

होय. मसूर वाढ.

४. ते एकोणीस छर्रे बाटलीत आहेत. बाटली माझ्या शवपेटीत ठेवावी. मातीला त्यांचाही त्रासच होणार, पण दुसरी जागा सुचत नाही.

हे लिहून होईतो स्वयंपाकघरातून डाळिंबाच्या रसात परतलेल्या पाखरांचा वास आला. उस्ताद येताना डझनभर चंडोल घेऊन आले होते. रिकाम्या हाताने कसे यायचे, म्हणून. नुहाद दारात आली, तोंड भरलेले, हात पोटावर.

"उस्ताद, पहिलाच घास आणि छर्रा! बाळाचं नशीब बघा."

"गिळलास?" मी विचारले.

"मग काय थुंकू?"

उस्तादांनी विचारले, कलम तीन खोडू का. राहू द्या, म्हणालो.

डाव्या अंगठ्याचा ठसा: वदीअ नख्ले शिदयाक
साक्षीदार: मिशाल तान्यूस, निवृत्त शिक्षक (बोटे तेलकट, कागदाला डाग पडला आहे)
साक्षीदार: हन्ने सरकीस, सुईण (जेवली नाही)
ऐन ज़रूब, १४ नोव्हेंबर २०१८