दोन डाव्या बाह्या

१२ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे. तेवढं सोडून बाकीचं लिहिते. आईचा गुडघा तसाच आहे. दुकानाच्या पाटीवरचा दिवा गेला होता, तो मी बदलून घेतला. सहामाहीचे पेपर तपासायला घरी आणलेत. मुलांची अक्षरं बघितली की बाई होण्यापेक्षा वैद्य व्हायला हवं होतं असं वाटतं.

आईच्या फोनवर तू पाठवलेला निरोप ऐकला. आईने तो दोनदा लावला आणि फोन माझ्या पुढ्यात सरकवला. "तुझ्यासाठीच दिसतोय हा."

तुझा आवाज म्हणत होता, "बीएबाईंना म्हणावं, शिकलीस म्हणून आभाळाला हात लागले नाहीत. आमच्यात फोटो दिसायची लाज वाटते म्हणून फोनवरचं खातं बंद केलंस? मी मशीनवर बसलो म्हणून तू कॉलेजात बसलीस."

खरं आहे. घरातली पहिली पदवी माझी, आणि तिच्यासाठी शाळा सोडून बाबांच्या शिलाईच्या दुकानात काजं-बटणं तू केलीस. ते विसरले नाही, म्हणून तर इतके महिने तोंड मिटून होते.

लाज वाटली हेही खरं. पण तुला वाटते ती नाही.

एप्रिलमध्ये तू आला होतास तेव्हाची गोष्ट. शाळेतले मास्तर शिवायला टाकलेला शर्ट न्यायला दुकानात आले. अंगात घातला आणि त्यांचा उजवा हात पुढेच येईना. बाबा त्यांच्याभोवती फिरत, बाही ओढत म्हणत होते, "हात सरळ धरा, मास्तर. खांदा पाडू नका. दोष खांद्यात आहे." तू मागे हसत होतास आणि फोन धरला होतास. मीही हसले, नाही कशाला म्हणू? मग मास्तरांनीच बाही उलटून पाहिली. "अहो, या तर दोन्ही डाव्या!"

बाही कापताना कापड दुमडायचं, सुलट बाजू आत ठेवायची आणि दोन्ही एकदम कापायच्या, म्हणजे एक डावी, एक उजवी आपोआप निघते. बाबांनी आपल्याला हे बाराखडीच्या आधी शिकवलं. त्या दिवशी त्यांनी कापड दुमडलंच नव्हतं. एकाच खुणेवरून एकामागून एक, दोन्ही कापल्या. उभ्या आयुष्यात या माणसाने अशी बाही कापली नव्हती. तेव्हाच आपण हसणं थांबवायला हवं होतं. पण तोवर तू तो व्हिडिओ सगळीकडे टाकला होतास.

नंतरचं तुला आकड्यांत माहीत आहे, मला माणसांत. वर्गात फळ्याकडे वळले की मागून आवाज यायचा, "खांदा पाडू नका!" आई इस्त्रीवालीकडे गेली तर ती म्हणाली, "तुमचे हे फार गमतीशीर हो." आई घरी येऊन म्हणाली, "पोरगा बापाचं नाव काढेल म्हणत होते. काढलं."

जूनमध्ये मी शाळेतून परत आले तर दुकानात एक तरुण जोडपं. मुलगी फोन धरून उभी, मुलगा हात पसरून. "काका, मलापण दोन डाव्या बाह्या शिवा ना!"

बाबा म्हणाले, "दोन्ही डाव्या? मग उजव्या हाताने काय करणार तुम्ही?"

ती दोघं खिदळली. बाबांनी टेप काढली, त्याचा हात मापला, खडू घेऊन कापडाकडे वळले. थांबले. परत येऊन मापला. परत वळले, परत थांबले. टेपपासून टेबलापर्यंत आकडा त्यांच्या डोक्यात टिकत नव्हता. ती मुलगी म्हणाली, "किती गोड आहेत ना!" मी दोघांना हात धरून बाहेर काढलं. बाबा माझ्यावरच रागावले, "गिऱ्हाईक आहे ते!"

त्या संध्याकाळी मी फोनवर वाचत बसले. माणूस आकडे का विसरतो, हातातलं काम का विसरतो. कुणाशी बोलले नव्हते, आईशीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी खातं उघडलं तर तुझाच व्हिडिओ पुन्हा वर आलेला, आणि त्याच्याखाली स्मरणशक्तीच्या गोळ्यांची जाहिरात. मग मोठ्या माणसांच्या लंगोटांची. मग वृद्धाश्रमाची, त्यात एक हसरे आजोबा झोक्यावर. मधे पुन्हा बाबा, "हात सरळ धरा, मास्तर." माझ्या घरात काय चाललंय ते त्या यंत्राला आपल्या सगळ्यांच्या आधी कळलं, आणि कळल्याबरोबर त्याने दुकान मांडलं. बाबांना हसायचं तेही तिथेच आणि त्यांच्यासाठी रडून खरेदी करायची तीही तिथेच. मी खातं बंद केलं ते तेव्हा.

आता जे टाळत होते ते लिहिते. बाबांना डॉक्टरकडे नेलं होतं. विसरण्याचा आजार आहे. बरा होणारा नाही, वाढणारा आहे. दोन डाव्या बाह्या हा वेंधळेपणा नव्हता दादा, ती सुरुवात होती. डॉक्टर मला विचारत होते, "इतकी ठळक खूण, कुणाच्याच लक्षात आली नाही?" काय सांगू? लाखो लोकांनी पाहिली. हसले आणि पुढे सरकले.

तुला कळवलं नाही, कारण भीती वाटली. कळवलं असतं तर तू रडला असतास, ते मला माहीत आहे. पण रडताना फोन कुठे ठेवला असतास, ते माहीत नव्हतं. सख्ख्या भावाबद्दल असं वाटावं, यापेक्षा कडू काही मी अजून चाखलेलं नाही.

आणि आता तू म्हणतोस, शिलाई मशीनच्या कंपनीने विचारलंय, पुढच्या महिन्यात येऊन व्हिडिओचा दुसरा भाग करू, बाबांना पहिल्या भागातला तोच निळा सदरा घालून ठेवा. नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्याला लिही, बापाला उसवायला येऊ नकोस."

पहिला भागही काढून टाक. तो आतापर्यंत किती जणांनी उचलून पुढे टाकलाय ते मला माहीत आहे, सगळा पुसला जाणार नाही. तरी तुझ्या हाताने टाकलेला तुझ्या हाताने काढ.

आणि ये. कंपनीला कळवू नकोस, कुणालाच कळवू नकोस, नुसता ये. परवा बाबांनी मला विचारलं, "थोरला जेवला का?" मी हो म्हटलं. पुढच्या वेळी काय विचारतील, ते डॉक्टरही सांगत नाहीत. आज तरी ते तुला बघताच ओळखतील. पण त्यांच्या आणि तुझ्या तोंडाच्या मधे काही धरून उभा राहिलास, तर त्यांना दिसणार कोण?

खाली "तुझीच" असं लिहायची सवय आहे. ते तू आल्यावर ठरवू.

धाकटी