खाडाखोड चालणार नाही

आई,

आज दुपारी मी वॉर्डात एका बाईवर ओरडले. तिच्या हाताला सलाइन, डोक्यावर एक केस नाही, आणि मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून ओरडतेय, तू चौथीच्या वर्गावर ओरडायचीस तशी. शेजारच्या पलंगावरची म्हातारी दचकून उठून बसली. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की वयाने मीच तुझ्याहून मोठी झालेय, तरी राग आला की गळ्यातून आवाज तुझाच निघतो. या रागाचं करायचं काय ते कळेना, म्हणून मांडवीला घरी आले आणि चहासुद्धा न टाकता लिहायला बसले. तीर्थरूप, साष्टांग वगैरे काही घातलेलं नाही. आज तुझ्यावरही रागच आहे.

मी काय करते ते तुला ठाऊक नाही. इथे रत्नागिरीत एका कॅन्सरच्या दवाखान्यात आहे. स्तनाच्या कॅन्सरवरची औषधं बायकांना कशी मानवतात, घरी गेल्यावर त्यांना काय काय होतं, याचा एक अभ्यास आमच्याकडे चालतो. औषधाचं डॉक्टर बघतात. बायका आणि कागद माझ्या गळ्यात. तीन आठवड्यांतून एकदा केमोचं सलाइन लावायचं, मधले दिवस बाई तिच्या घरी. म्हणून प्रत्येकीला आम्ही एक वही देतो आणि एक थर्मामीटर. वहीत रोजचा एक रकाना. ताप आहे का, उलटी झाली का, तोंड आलंय का, आणि दुखणं शून्य ते दहा यातलं किती. सलाइननंतर आठवड्याभराने रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. त्या दिवसांत ताप आला तर तास-दोन तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो, ताबडतोब फोन करायचा, हे मी शंभरदा सांगते. कागदावर मात्र ते मुंबईहून भाषांतर होऊन येतं, 'प्रतिकूल घटना उद्भवल्यास अन्वेषकांस अवगत करावे'. हे वाचून एकीने मला घाबरत विचारलं होतं, "म्हंजे घरी पोलीस येतील काय?"

आणि आपल्या बायका! दुखतंय का विचारलं की "नाय". कसं वाटतंय तर "बरा हाय". टाके पिकलेत, लुगड्याला पू लागलाय, वहीत शून्य. एकीला म्हटलं, अगो, बाळंतपणाच्या कळा म्हणजे दहा धर, मग आता किती ते सांग. तर म्हणते, "बालंतपनात पन काय नाय झाला. सकालपर्यंत भात झोडत होतंय." कपाळ माझं! या शून्यांची बेरीज करून कुणीतरी कुठेतरी लिहिणार, औषध बायकांना छान मानवलं. बोलून काय होणार, आपलं दुखणं आपल्यापाशी, असं यांना कुणी शिकवलं कोण जाणे. खरं तर कुणी शिकवलं ते मला चांगलं माहीत आहे. तुझ्यासारख्या आयांनी.

आजची बाई राजापूरच्या पलीकडची. नवरा मुंबईत वॉचमन, घरी ती आणि तिची जाऊ, दाराशी काजूची चार झाडं. सातवी शिकलेली, अक्षर वळणदार. पहिल्या खेपेची वही तिने आणली तेव्हा तीत सगळी गिरवागिरव होती. तीनाचे पाच केलेले, 'हो'वर 'नाही' चढवलेलं. नेमक्या त्याच दिवशी मुंबईहून वह्या तपासायला बाई आलेल्या. त्यांनी ती वही दोन बोटांत धरून मला विचारलं, "यातलं खरं कुठलं धरायचं?" सगळ्यांसमोर. त्या गेल्यावर मी या बाईला समोर बसवलं आणि सुनावलं, "खाडाखोड अजिबात चालणार नाही. लिहायचं ते एकदाच, नीट. खाडाखोड करणाऱ्याचं मन थाऱ्यावर नसतं." शरमून तिने मान हलवली. ते शेवटचं वाक्य माझं नाही हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

तू चुलीपाशी पाटावर बसलीयस. एकीकडे पेज रटरटतेय, मांडीवर वर्गाचं निकालपत्रक आहे, आणि तू रेघा न चुकता, एकही अक्षर न खोडता मुलांचे मार्क भरतेयस. मी समोर बसून शुद्धलेखन लिहितेय. एक शब्द चुकतो. बोटाला थुंकी लावून मी तो घासते आणि कागदाला भोक पडतं. तू वही हातात घेतेस, त्या भोकातून एका डोळ्याने माझ्याकडे बघतेस. मला वाटतं, आता हसशील. तू अख्खं पान फाडतेस आणि म्हणतेस, "खाडाखोड करणाऱ्याचं मन थाऱ्यावर नसतं. परत लिही." त्या दिवशी जेवायला मला सगळ्यांनंतर मिळालं. पुढे दहावीला पास झाले तेव्हा तू मला हिरव्या टोपणाचं शाईचं पेन दिलंस. रबर तू मला जन्मात कधी घेऊन दिलं नाहीस.

तर दुसऱ्या खेपेचं सलाइन झालं आणि ही बाई वही घेऊन घरी गेली. गणपती तोंडावर. मुंबईचे चाकरमानी यायचे, घर सारवायचं, माळा झाडायचा, चवळी निवडायची. नंतर लिहायला सवड कुठली मिळायला, आणि घाईत लिहिलं की चुका होणार, चुका झाल्या की खाडाखोड. म्हणून तिने काय करावं? तिसऱ्या दिवशीच निवांत बसून पुढचे सगळे रकाने भरून टाकले! पार एकविसाव्या दिवसापर्यंत. ताप नाही, उलटी नाही, दुखणं शून्य. कुठेही खाडाखोड नाही, मोत्यासारखं अक्षर. दहाव्या दिवशी तिला हुडहुडी भरली. शहाणीने थर्मामीटर लावला. एकशे दोन. मग तिने वही उघडून त्या दिवसाचा रकाना पाहिला. तिथे लिहिलेलं, 'ताप नाही'. तिने वही मिटली, पेज प्यायली आणि गोधडी घेऊन निजली. दोन दिवसांनी जावेचा फोन आला, "सिस्टर, ही उठत नाय हो, कायतरीच बोलतेय." गाडी पाठवून तिला आणलं तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. चार दिवस आम्ही तिला धरून ठेवलं. आज सकाळी तिच्या पांढऱ्या पेशी वर आल्या, ती उशीला टेकून बसली, आणि दुपारी मला ती वही तिच्या पिशवीत सापडली.

"अगो, ताप आलेला तुला कळला होता ना?" अहो-जाहो केव्हाच गळून पडलं होतं.

"व्हय."

"फोन जवळ होता ना?"

"होता."

"मग मेली असतीस ना गो! फोन का नाही केलास?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मलाच काही समजत नाही अशा नजरेने. म्हणाली, "वहीत तर नाय म्हनून लिवलेला होता. तुमीच बोललाव ना सिस्टर, खाडाखोड चालनार नाय. मी फोन केला असता तर तुमी वही मागितली असती."

त्यावर मी अजून मोठ्याने ओरडले, आई. आगाऊ कोण भरतं वही, अक्कल गहाण टाकलीस काय, वाट्टेल ते. ती बिचारी "चुकला माजा" म्हणत राहिली. आणि मला तिच्या त्या "चुकला माजा"चाच जास्त संताप आला. कारण चुकीचं लिहिलं तर काय करायचं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. आम्हा नर्सांना ते पहिल्या दिवशी शिकवतात. चुकलेल्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहायचं, सही आणि तारीख. इतकं सोपं आहे. बायकांना कोण समजावत बसणार, म्हणून मी त्यांना नुसता धाक घातला.

संध्याकाळी डॉक्टरांनी, हे असं का झालं त्याचा खुलासा लिहायला सांगितला. म्हणाले, "लिहा, रुग्णाने सूचना पाळली नाही." मी म्हटलं, सर, तिने पाळली, म्हणून तर हे झालं. ते चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही कशाला मध्ये येता? अभ्यासावर बोट ठेवतील. आणि हे तिच्या नावावर लागलं तर तिचं काय जातंय?" तिचं काय जातंय! पुढच्या खेपेला आधीच घाबरलेली ती बाई, नियम मोडणारी म्हणून कागदावर येणार. नवरा म्हणणार, हिला लिहितापण येत नाय. मग ती कसली येतेय उरलेल्या सलाइनना! घरी बसेल, आणि गाठ परत येईल. तरी मी ते वाक्य लिहिलं. डॉक्टर समोर उभे होते आणि मला घरी यायचं होतं.

आता तुझ्याबद्दल. तू गाठ वर्षभर लपवलीस, शाळेचे निकाल लागू देत म्हणून. कोल्हापूरला ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि तिथल्या डॉक्टरांनी तुला रोजचा ताप कागदावर लिहून ठेवायला सांगितलं. तू फूटपट्टीने रकाने आखलेस. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रविवारी घरी आले होते, सोमवारी परीक्षा. पहाटेच्या एसटीला निघताना मी तुझ्या पाया पडले. तू खाटेवर बसून होतीस, शाल कानापर्यंत घेतलेली. म्हणालीस, "जा गो, गाडी चुकेल. मी बरी आहे." माझ्या तोंडावरून हात फिरवलास. हात गार होता. गुरुवारी तू गेलीस.

तो कागद मी जपून ठेवलाय. सगळीकडे 'ताप नाही, ताप नाही', एका ओळीत, एका उंचीचं. फक्त त्या सोमवारच्या रकान्यात तुझ्या आयुष्यातली मला माहीत असलेली एकमेव खाडाखोड आहे. काहीतरी लिहून तू ते शाईने इतकं गिरवलंयस की कागद फाटायला आलाय. उजेडाकडे धरला की मागून आकडा दिसतो. एकशे एक. त्याच्यावर 'ताप नाही'. मी निघण्याआधी तू तो खोडलास, माझ्या हाती लागू नये म्हणून. इतकी वर्षं मी याच एका गोष्टीवरून तुझ्यावर रागावलेय. सांगितलं असतंस तर मी गेले नसते, असं मी सगळ्यांना सांगत आले.

मघाशी, हे अर्धं लिहून झाल्यावर, उठून मी सगळ्या बायकांना एकेक करून फोन केले. म्हटलं, वहीत चुकलं तर खुशाल खोडा, एक रेघ मारा, कितीही रेघा मारा, पण ताप आला तर वही बघू नका, फोन करा. एकजण म्हणाली, "मग आदी कशाला ओरडलाव?" मग पिशवीतून उद्या द्यायचा तो खुलासा काढला. 'रुग्णाने सूचना पाळली नाही' यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'सूचना अपुरी होती. ती मी दिली होती.' सही, तारीख. उद्या डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत. त्या बाईची माफी मागायची आहे, तिला ऐकूनच अवघडल्यासारखं होईल, तरी मागणार आहे.

आणि आता हे पत्र पहिल्यापासून वाचलं. कुठे पाठवायचंय थोडंच, कपाटात तुझ्या त्या कागदाखाली जाईल. पण एका ठिकाणी रेघ मारावी लागली. 'हात गार होता' यावर. खालचं वाचता येतंय. शेजारी लिहिलंय, 'हात तापलेला होता. मला कळलं होतं. मला परीक्षेला जायचं होतं.'